आक्षेप अमान्य

“म्हणजे उत्तर चुकलं होतं?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“कुणाचं?”

मोहोड सर खाली बघत राहिले. ओसरीची फरशी नुकतीच पुसलेली होती. तिच्यावर त्यांच्या पायांचे ठसे उमटले होते.

“उत्तरतालिकेतलं,” ते म्हणाले.

“उत्तरतालिका कुणी केली?”

“...मी.”

बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

रिद्धपूरच्या त्या लहानशा महानुभाव मठात बाई बावीस वर्षांपासून राहत होत्या. त्याआधी मोर्शीकडच्या एका शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. पोरं तेव्हाही त्यांना बाईच म्हणत. संन्यास घेतला, केस उतरवले, घर सुटलं. बाई हे नाव तेवढं राहिलं. आता त्या पंचाहत्तरीच्या पुढे होत्या.

दिगंबर मोहोड हा त्यांचा विद्यार्थी. चौपन्न वर्षांचा. अमरावतीत मोहोड सरांचा स्पर्धा परीक्षांचा क्लास होता. त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणाच्या गाईडाच्या पंधरा आवृत्त्या निघाल्या होत्या. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतली पोरं त्यांना ‘व्हर्ब सर’ म्हणत. क्रियापदाचं कुठलंही रूप विचारा, सर खडू खाली न ठेवता सांगणार, असा त्यांचा लौकिक होता. तो लौकिक त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचा.

आज दिसत नव्हता. सकाळच्या पहिल्या एसटीने ते आले होते, आणि मठाच्या दाराशी बराच वेळ नुसते उभे होते.

“प्रश्न सांग,” बाई म्हणाल्या.

“शी इज वन ऑफ दोज गर्ल्स हू... मग रिकामी जागा... टू स्कूल.”

“पर्याय?”

“वॉक, वॉक्स, इज वॉकिंग, हॅज वॉक्ड.”

“तू काय दिलंस?”

“वॉक्स.”

“का?”

“ती एकटी आहे, असं वाटलं. एकवचन.”

“त्या वाक्यात शाळेत चालत कोण जातं?”

“...मुली.”

“मग?”

“वॉक.”

नववीच्या वर्गात हाच नियम बाईंनी फळ्यावर लिहिला होता. ‘हू’च्या मागे कोण उभं आहे ते आधी बघा, मग क्रियापदाला हात लावा, असं त्या म्हणायच्या. तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला होता तो दिगंबरनेच.

“घाई झाली, बाई. निवड मंडळाला पन्नास प्रश्न दोन दिवसांत हवे होते. हा मी माझ्याच गाईडातून उचलला. गाईडात तो नऊ आवृत्त्या तसाच होता. कुणी बोललं नाही.”

“चुकतो माणूस,” बाई म्हणाल्या. “एवढ्यासाठी इतक्या लांब आलास?”

इथे उठता आलं असतं. चहा घेऊन दुपारच्या गाडीने परत जाता आलं असतं. सरांच्या मनात ते येऊनही गेलं.

“नाही,” ते म्हणाले.

“मग आणखी काय?”

“एका मुलीने आक्षेप घेतला.”

परीक्षा झाली की मंडळ उत्तरं जाहीर करतं. ज्याला एखादं उत्तर पटत नाही, त्याने आठवडाभरात लेखी कळवायचं. ते कागद प्रश्न काढणाऱ्याकडे येतात. तो मान्य किंवा अमान्य असा शेरा मारतो. शेऱ्याच्या वर कुणी नसतं.

“काय लिहिलं होतं तिने?”

“दीड पान होतं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं. वाक्य मराठीत फोडून दाखवलं होतं. शाळेत चालत जाणाऱ्या ज्या मुली आहेत, त्यांच्यातली ती एक... म्हणून क्रियापद मुलींचं.”

“चांगलं लिहिलं.”

“हो.”

“तू काय लिहिलंस?”

“आक्षेप अमान्य.”

शेंगेतून एक दाणा उडून फरशीवर पडला. बाईंनी तो उचलला, पदराला पुसला, परातीत टाकला.

“तुला तिचं म्हणणं कळलं नाही?”

मोहोड सरांनी तोंड उघडलं. वेळ नव्हता, ढीगभर कागद होते, लक्ष गेलं नाही... ही उत्तरं त्यांनी दोन महिने घोकली होती. घरी बायकोलाही तीच दिली होती. बाईंच्या समोर त्यातलं एकही बाहेर पडेना.

“पहिल्या चार ओळींतच कळलं होतं,” ते म्हणाले.

“मग?”

“मान्य केला असता तर गाईड खोटं ठरलं असतं. व्हर्ब सर क्रियापदात चुकले, असं झालं असतं.”

“तिचं काय झालं?”

“दोन गुणांनी राहिली. तो प्रश्न दोन गुणांचाच होता.”

“पुन्हा बसेल.”

“नाही बसता येणार. वयाची मर्यादा संपली. तिची ही शेवटचीच खेप होती.”

बाईंचे हात थांबले. बाहेर कुणीतरी विहिरीवर बादली सोडली. ती पाण्याला टेकल्याचा आवाज आला.

“आणि?” बाईंनी विचारलं.

सरांना वाटलं होतं, हे इथे संपेल. एवढंच सांगायचं असं ते वाटेत ठरवून आले होते.

“बाई, आणखी काही...”

“आणि, दिगंबर?”

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“अमरावतीत मी एक व्याख्यान ठेवलं होतं. परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी. चारशे पोरं होती. ती आली होती. प्रश्न विचारायची वेळ आली तशी उभी राहिली. हाच प्रश्न विचारला तिने. फार अदबीने विचारला.”

“तू काय म्हणालास?”

“मी... तिची थोडी चेष्टा केली.”

“जशी केलीस तशी सांग.”

“नको, बाई.”

बाईंनी पुढची शेंग उचलली.

“मी म्हणालो... मॅडम, वाक्यातला कर्ता कळायला आधी आपल्याला स्वतः शाळेत चालत जावं लागतं.”

बाईंनी परात बाजूला सारली.

“हसले सगळे?”

“खूप.”

“तू?”

“मीही हसलो.”

“ती?”

“थँक यू सर म्हणाली आणि खाली बसली.”

दोन महिने त्यांना छळत होता तो ना दीड पानाचा कागद, ना आपला शेरा. ते ‘थँक यू सर’ कानातून जात नव्हतं. तिने भांडण केलं असतं तर ते कधीच विसरले असते.

“आणि?” बाई म्हणाल्या.

“आणि परवा नव्या आवृत्तीची प्रुफं आली. त्या प्रश्नापाशी आलो. लाल पेनाने ‘वॉक्स’मधला एस खोडला. कुणाला कळणार नव्हतं. नवीन पोरं बरोबर शिकली असती, माझंही नाव राहिलं असतं. खोडला आणि... मग मला तिथे बसवेना.”

आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी हात जोडले.

“बाई, काहीतरी सांगा मला. उपास सांगा. नामस्मरण सांगा, किती म्हणाल तितकं करतो. तुम्ही क्षमा केलीत तर...”

“माझं काय घेतलंस तू?” बाईंनी विचारलं.

...

भिक्षेची वेळ झाली होती. बाई गुडघ्यावर हात रेटून उठल्या. खुंटीवरची झोळी काढली आणि सरांच्या हातात दिली.

“चल माझ्या मागे. दारात गेल्यावर बोलायचं नाही.”

गावातून चालताना मोहोड सरांना आपल्या इस्त्रीच्या शर्टाची लाज वाटत होती. झोळी कशी धरावी ते कळेना. काखेत धरली तर पिशवीसारखी दिसत होती, पुढे धरली तर हात पसरल्यासारखी. हात पसरलेलेच आहेत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

पहिल्या दारी एका म्हातारीने अर्धी भाकर आणि मुठीएवढा झुणका घातला. बाईंनी दंडवत केला. म्हातारीनेही केला.

दुसऱ्या दारी एक कॉलेजातली मुलगी बाहेर आली. हातात ताटली होती. तिने आधी बाईंकडे बघितलं, मग मागे, आणि ताटली तशीच राहिली.

“मोहोड सर? तुम्ही... आमच्या दारी?”

मुलगी ताटली ओट्यावर ठेवून आत धावली आणि गाईड घेऊन आली. मागच्या वर्षीची आवृत्ती होती. पानोपानी पिवळ्या रंगाने अधोरेखित केलेली, कोपरे दुमडलेले.

“सर, सही द्या न एक. कुणी मानणारच नाही तुम्ही आले होते म्हणून.”

ते पान कुठे आहे हे सरांना न उघडता ठाऊक होतं. तिथेही तिने पिवळी रेघ ओढली असेल. त्यांनी झोळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“त्याचे हात रिकामे नाहीत, माय,” बाई म्हणाल्या.

मुलीने पोळी झोळीत टाकली. ते पुढे निघाले, तरी ती गाईड छातीशी धरून दारातच उभी होती.

“तिला सांगितलं का नाहीस?” वाटेत बाईंनी विचारलं.

“तुम्हीच बोलायचं नाही म्हणालात.”

बाई चालत राहिल्या.

“...लाज वाटली,” सर म्हणाले.

“कुणाची?”

तिसऱ्या दारी खूप वेळ कुणी आलं नाही. मग आतून एक बाईमाणूस चिडक्या सुरात ओरडलं, “पुढं जा, माय! सकाळपासून तिसरं कुणी आलं दारात. आमच्याजवळच नाही काही.”

सरांचा चेहरा लाल झाला. बाईंनी त्या बंद दारालाही म्हातारीला केला तसाच दंडवत केला. कमी नाही, जास्त नाही. आणि त्या वळल्या.

“तुम्हाला काहीच वाटत नाही?” सरांनी विचारलं. “तिच्या चुलीवर तवा होता. वास येत होता.”

“तिची भाकर आहे,” बाई म्हणाल्या. “दारात जाणं आपलं. देणं तिचं.”

सर रस्त्यात थांबले. बाई पुढे गेल्या होत्या. त्यांनी मागे वळून हात पुढे केला आणि झोळी परत घेतली.

“दुपारच्या गाडीला अजून अवकाश आहे,” त्या म्हणाल्या. “तोवर जेवून घे.”

...

तिचं नाव प्रतिभा खंडारे. आक्षेपाच्या कागदावर पत्ता होता, आणि तो सरांना पाठ झाला होता. चांदूर बाजारला त्या पत्त्यावर विचारलं तेव्हा कळलं, बस स्टँडच्या मागे ती एका दुकानात कामाला होती. नोकऱ्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. ज्या परीक्षेतून ती बाहेर पडली होती, त्याच परीक्षेचे पुढच्या वर्षीचे फॉर्म ती दिवसभर दुसऱ्यांसाठी भरत होती.

सर दारात गेले तेव्हा ती कॉम्प्युटरकडे बघत एका पोराला विचारत होती, “जन्मतारीख? ...वय बसतंय तुझं. चार वर्षं आहेत अजून.”

“मॅडम...” सर म्हणाले.

“नंबर लावा,” ती न बघता म्हणाली.

त्यांनी नंबर लावला. पुढे सहा जण होते. त्यांतल्या दोघांनी सरांना ओळखलं, जागा देऊ केली. सर नको म्हणाले. पाऊण तास ते उभे होते. पळून जायचं असतं तर वाट मोकळी होती.

त्यांचा नंबर आला तेव्हा तिने वर बघितलं. ओळखलं. की-बोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

“बोला, सर.”

“तुमचं उत्तर बरोबर होतं.”

“मला माहीत आहे.”

“मलाही माहीत होतं,” सर म्हणाले.

तिने काही क्षण त्यांच्याकडे बघितलं.

“कधीपासून?”

“तुमचा कागद वाचत होतो तेव्हापासून.”

मागे रांगेत कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला.

“म्हणजे त्या दिवशी सभागृहात... मी विचारलं तेव्हाही माहीत होतं?”

“हो.”

प्रतिभाने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

“घरी येऊन मी तो नियम पुन्हा वाचला होता, सर. चार पुस्तकांत बघितला. मला वाटलं, व्हर्ब सर म्हणतात म्हणजे आपलंच कुठेतरी चुकत असेल. दोन महिने मी रोज तेच वाक्य फोडत होते.”

सरांनी हात जोडले.

“मला क्षमा करा, असं म्हणायचाही...”

“चारशे जण हसले होते, सर,” ती हळूच म्हणाली. “मी एकटीने ऐकून काय करू?”

“तुम्ही याल? मी सगळ्यांसमोर...”

“मी कशाला येऊ? आणि माझं नाव घेऊ नका.” तिने त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं. “पुढचे कोण आहेत? या.”

...

पुढच्या रविवारी त्याच सभागृहात मोहोड सर उभे राहिले. माइक नीट चालत होता, तरी त्यांनी दोनदा तपासला. मग फळ्यावर ते वाक्य लिहिलं.

त्यांनी सगळं सांगितलं. प्रश्न आपण काढला, उत्तर आपण चुकवलं. आक्षेप बरोबर आहे हे कळत असताना अमान्य केला. आणि विचारायला आलेल्या मुलीला इथे, या जागेवरून, तुमच्या समोर हसलो. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे हसलात.

काही पोरांनी मान खाली घातली. काहींना हे काय चाललंय तेच कळत नव्हतं.

पहिल्या रांगेतल्या एकाने हात वर केला.

“सर, मग परीक्षेत काय लिहायचं? वॉक का वॉक्स?”

“वॉक.”

चारशे पेनं एकदम खाली वाकली.

मागून एक मुलगी उभी राहिली. “सर, त्या मॅडमचं पुढं काय झालं?”

सरांनी डस्टर उचललं, परत ठेवलं.

“काही झालं नाही,” ते म्हणाले. “त्यांचं काहीच झालं नाही.”

त्यांनी निवड मंडळालाही लिहिलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. निवड यादी अंतिम आहे, बदल संभवत नाही. पुढच्या वर्षीच्या प्रश्नकर्त्यांतून त्यांचं नाव वगळल्याचं त्यांना दुसऱ्याकडूनच कळलं. गाईडाच्या नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर त्यांनी ती चूक छापली, कुठल्या प्रश्नात होती आणि किती वर्षं होती, त्यासकट. प्रकाशक नको म्हणत होता. विक्री निम्म्यावर आली. बाजारात कुणी त्यांना आता व्हर्ब सर म्हटलं, तर ते अजूनही वळून बघत, पण बघताना त्यांचे कान तापत.

आपण सांगितल्याचं कळवायला ते एकदा चांदूर बाजारलाही गेले. प्रतिभाने ऐकून घेतलं, “बरं” म्हणाली, आणि समोरच्याचा अंगठा मशीनवर नीट ठेवून घेतला. क्षमा केली असं काही ती म्हणाली नाही. केली नाही असंही म्हणाली नाही.

...

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा रिद्धपूरला गेले. बाई ओसरीवर ऊन घेत बसल्या होत्या. नजर आता अधू झाली होती. पायांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

“दिगंबर का?”

“हो, बाई. दंडवत प्रणाम.”

“दारात गेलास?”

“गेलो.”

“सांगितलंस?”

“सगळं सांगितलं. तिलाही, आणि पोरांनाही.”

“तिने काय दिलं?”

“काही नाही.”

बाईंनी मान हलवली. उन्हाची तिरीप त्यांच्या गुडघ्यावर आली होती. त्यांनी शाल थोडी बाजूला घेतली.

“सांगितल्यावर हलकं वाटलं?”

मोहोड सरांनी बराच वेळ विचार केला. हो म्हणावंसं वाटत होतं. सगळं इतकं केल्यावर हो म्हणता यायला हवं होतं. पण चारशे जणांसमोर उभे असताना, आणि परत घरी जाताना, आणि आज सकाळी एसटीत बसतानाही छातीवरचा तो दगड होता तिथेच होता.

“नाही, बाई,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. “अजिबात नाही.”

“थोडंसुद्धा नाही?”

“नाही.”

बाई सरकल्या. शेजारी उन्हात जागा केली.

“मग बस इथे,” त्या म्हणाल्या. “हलकं वाटलं असतं, तर परत पाठवलं असतं.”